बाकावरची माणसं

आईला पंचवीस वेळा लाईट घ्यायची होती. लाईट म्हणजे रेडिएशन. तो शब्द आमच्या घरात कोणी पुरा उच्चारत नसे, मूळ आजाराचं नाव तर नाहीच. सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे, वेळ सकाळी साडेदहाची. मशीनखाली जेमतेम दहा मिनिटं आणि त्याआधी बाहेरच्या बाकावर कधी अर्धा तास, कधी दोन तास. मशीन बिघडलं की जेवणाची वेळही तिथंच टळायची.

साडेदहाला येणारी माणसं ठरलेली होती. इंदापूरकडच्या एक मावशी, पुतण्याच्या घरी राहून रोज दोन बस बदलून येणाऱ्या. घशाची लाईट घेणारे रिक्षावाले काका, ज्यांचा आवाज दर आठवड्याला थोडा थोडा विरत चालला होता. बँकेत नोकरी करणारी एक तिशीतली मुलगी. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, जे स्वतः पेशंट नव्हते पण पेशंट असलेल्या बायकोपेक्षा जास्त घाबरलेले होते. आणि माझी आई. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेली, पहिले तीन दिवस तोंडासमोर पेपर धरून बसलेली. "लोकांच्या कहाण्या ऐकून आपलं दुखणं कमी होतं का?" हे तिनं मला रिक्षात विचारलं होतं. उत्तर तिला नको होतं.

चौथ्या दिवशी मावशी सरकून जवळ आल्या. "ताई, तुमच्या रेघा पुसल्या का ओ?"

मशीनचा नेम बरोबर बसावा म्हणून अंगावर शाईच्या खुणा केलेल्या असतात. उपचार संपेपर्यंत त्या जपायच्या. आई त्या धास्तीनं तीन दिवस धड आंघोळ करत नव्हती, रात्री कूस बदलत नव्हती. यातलं मला काही माहीत नव्हतं. खुणा छातीवर होत्या आणि मी मुलगा. मला ती सांगणार कशी? मावशींनी पदराआडून स्वतःचा ब्लाउज दाखवला. जुन्या मऊ सुती साडीचा, झबल्यासारखा सैल, पुढून बंद लावलेला. आणि म्हणाल्या, रेघ पुसट झाली तर आतली पोरगी परत काढून देती, वरडत न्हाई. ते "वरडत न्हाई" ऐकलं आणि आईनं पेपरची घडी घातली.

गंमत म्हणजे डॉक्टरांनी हे सगळं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. छापील कागदही दिला होता. एकच गोष्ट डॉक्टरांनी सांगितली तर कानावरून जाते आणि इंदापूरच्या मावशींनी सांगितली तर पोटात उतरते, हे काय गौडबंगाल आहे? मी काही मानसशास्त्राचा माणूस नाही. पण बाकावर वेळच वेळ होता, हातात मोबाइल होता. त्या प्रश्नाचं टोक धरून समूह-मनोपचाराच्या, म्हणजे रोग्यांना एकत्र बसवून मनावर उपचार करण्याच्या, इतिहासात मागे मागे जात राहिलो तो थेट १९०५ सालच्या बॉस्टनमध्ये पोचलो.

तिथं जोसेफ प्रॅट नावाचा एक डॉक्टर मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये काम करत होता. मनाचा नव्हे, शरीराचा डॉक्टर. त्याच्याकडे येणारे क्षयाचे रोगी गरीब होते. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं; स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला अजून अडतीस वर्षं जायची होती. उपाय एकच, सॅनेटोरियम. डोंगरातली मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी. ज्याच्याकडे पैसे त्याला डोंगर. प्रॅटनं ठरवलं की डोंगर परवडत नसेल तर घराच्या छपरावर जाऊ. इमॅन्युएल चर्चचे धर्मगुरू एलवुड वूस्टर यांनी पैशांची बाजू उचलली आणि १ जुलै १९०५ रोजी त्याचा क्षयरोग्यांचा वर्ग सुरू झाला.

वर्गच म्हणायचे त्याला. पंधरा-वीस, फार तर पंचवीस माणसं. त्यांनी कामधंदा सोडून दिवसरात्र उघड्या हवेत पडून राहायचं: छपरावर तंबू ठोकून, गॅलरीत खाट टाकून, बॉस्टनच्या बर्फातसुद्धा. प्रत्येकाला एक वही. ताप किती, खाल्लं काय, बाहेर किती तास काढले, सगळं रोजच्या रोज लिहायचं. हॉस्पिटलकडून एक बाई घरी येऊन बघून जायची. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी जमायचं, वजन-ताप-नाडी द्यायची, वह्या तपासून घ्यायच्या आणि डॉक्टर चार शब्द सांगेल ते ऐकायचे. कुणाचं वजन वाढलं ते सगळ्यांदेखत जाहीर व्हायचं. मोठा कडक मास्तर होता. आईला मी हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "वह्या तपासायचा ना? मग बरोबर आहे."

(घरी राहून क्षय बरा होतो का, या प्रश्नाचा निकाल पुढं आपल्याकडेच लागला. १९५६ मध्ये मद्रासला एक चाचणी सुरू झाली. १९३ रोगी, काही सॅनेटोरियममध्ये, काही झोपडपट्टीतल्या आपापल्या घरी, औषधं तीच. १९५९ मध्ये निकाल छापून आला: घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले. जगभरची सॅनेटोरियमं ओस पडायला या निकालाचा मोठा हातभार लागला. प्रॅटच्या हातात औषध नव्हतं, पण त्याचा अंदाज खरा होता.)

या वर्गात मनोपचार कुठं होते? प्रॅटच्या मते नव्हतेच. एकेकाला वेगळं बसवून तेच तेच सांगण्यात वेळ जातो, म्हणून सगळ्यांना एकत्र बोलावलं, एवढाच हिशोब. पण माणूस प्रामाणिक होता आणि नजर तयार होती. १९०७ मध्ये त्यानं लिहून ठेवलं की हे लोक निरनिराळ्या वंशांचे, बाया आणि बापे, त्यांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे एकच आजार. त्यांच्यात छान दोस्ती झाली आहे, ते आपल्या लक्षणांबद्दल कधी बोलत नाहीत आणि बहुतेक वेळा खुशीत असतात.

लक्षणांबद्दल कधी बोलत नाहीत! यावर माझा विश्वास बसत नाही. मास्तर वर्गात असताना बोलत नसतील. प्रॅट जिना उतरून गेल्यावर, कोट चढवता चढवता काय बोलणं होत असेल ते मला आमच्या बाकावरून अगदी स्वच्छ ऐकू येतं. पण तो भाग कोणत्याच वैद्यकीय मासिकात छापून आलेला नाही. या इतिहासाची माझी मुख्य तक्रार हीच आहे. वाचत जाल तसतशी डॉक्टरांची नावं मिळत जातात, त्यांची भांडणंही मिळतात. पण ज्यांनी एकमेकांना बरं केलं त्या मंडळींची नावं मिळत नाहीत.

प्रॅटला स्वतःला आपण काय केलं हे उमगायला पंचवीस वर्षं लागली. १९३० मध्ये त्यानं बॉस्टन डिस्पेन्सरीत दुसरा वर्ग काढला. हा अशा लोकांसाठी, ज्यांची छाती धडधडते, पोट दुखतं आणि तपासणीत काही सापडत नाही. तोवर त्याला पटलं होतं की वर्गातली माणसं हेच औषध आहे. तरी खुर्ची मात्र त्यानं सोडली नाही. समोर डॉक्टर, पुढं रांगेत रोगी.

ही खुर्ची मला या गोष्टीचं खरं सूत्र वाटू लागली आहे. कोणी ती थोडी सरकवली, कोणी उचलून फेकून दिली.

पहिल्या महायुद्धानंतर वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या सरकारी मनोरुग्णालयात एडवर्ड लेझल स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांना व्याख्यानं देऊ लागला. तेव्हा त्या आजाराला डिमेन्शिया प्रीकॉक्स म्हणत आणि अशा माणसाशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, असाच बहुतेकांचा समज होता. लेझलला दिसलं की भिंत ऐकत होती. जे हूं की चूं करत नव्हते, त्यांच्याही कानात पुष्कळ काही राहिलेलं असे, आणि व्याख्यान संपल्यावर वॉर्डात त्यावर आपापसांत बोलणं चाले. पुन्हा तेच, व्याख्यान संपल्यावर. त्याच्या मागोमाग कोडी मार्श आला, आधी पाद्री, मग मनोविकारतज्ज्ञ. त्यानं तर वॉर्डावॉर्डात कर्णे लावले. रोग्याला तो रोगी म्हणायचाच नाही, सभ्यता नावाच्या अवघड विषयात नापास झालेला विद्यार्थी म्हणायचा. माणसं गर्दीमुळं मोडली, गर्दीच त्यांना सांधेल, अशी त्याची श्रद्धा होती. वाक्य प्रवचनाला शोभणारं आहे. कर्ण्यांबद्दल मात्र मला शंका आहे. आमच्या आळीत नवरात्रात नऊ दिवस कर्णा असतो, त्यानं कोणी बरं झालेलं नाही.

खुर्ची खऱ्या अर्थानं हलली ती १९१८ च्या सुमारास, आणि हलवणारा डॉक्टर नव्हता.

ट्रिगंट बरो हा अमेरिकेतल्या पहिल्यावहिल्या मनोविश्लेषकांपैकी एक. झुरिचला जाऊन युंगकडे शिकून आलेला, अमेरिकन मनोविश्लेषण संघटनेचा संस्थापक सदस्य. पद्धत रीतसर: रोगी कोचावर आडवा, विश्लेषक मागे खुर्चीत. त्याच्याकडे विश्लेषणासाठी येणाऱ्या क्लॅरेन्स शील्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं एक दिवस त्याला तोंडावर सांगितलं की तुमचा प्रामाणिकपणा खरा असेल तर जागा बदलू या. तुम्ही कोचावर, मी खुर्चीत. बरोला आधी ही गंमत वाटली असणार. पण तो कबूल झाला आणि खरोखर आडवा झाला. आडवं झाल्यावर त्याला कळलं की आपल्यालाही राग येतो, आपणही लपवतो, आणि खुर्चीत बसलेला शील्ड्स हातात अधिकार येताच आपल्याच इतका हुकमी वागू लागला आहे. म्हणजे दोष शील्ड्समध्ये नाही, बरोमध्ये नाही, तो खुर्चीतच आहे. ही खोड एका माणसाची नसून सगळ्यांची मिळून आहे, तर ती एकट्याला कोचावर झोपवून सुटायची नाही, असं म्हणून दोघांनी आणखी माणसं जमवली. सहकारी, रोगी, नातेवाईक सगळे एकत्र. उन्हाळ्यात ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरात तळ ठोकून राहायचं आणि आत्ता, इथं, आपल्यात काय चाललं आहे ते एकमेकांना सांगायचं. यालाच बरोनं समूहविश्लेषण हे नाव दिलं.

मनोविश्लेषण ज्यानं सुरू केलं त्या फ्रॉइडला हे मुळीच रुचलं नाही. १९२१ मध्ये त्यानं समूहाच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं, पण त्यातले समूह म्हणजे सैन्य आणि चर्च, नेत्यावर डोळे लावून बसलेले. आठदहा माणसं गोल करून बसली आहेत आणि मधे कोणी नेता नाही, हे चित्र त्यात नाही. बरोला पुढं ज्या संघटनेचा तो एकेकाळी अध्यक्ष होता तिच्यातूनच बाहेर पडावं लागलं. आज त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही. शील्ड्सचं तर त्याहून नाही. पण बाकावरच्या बाजूनं इतिहासात शिरलेलं मला सापडलेलं हे एकमेव नाव, म्हणून ते इथं नीट लिहून ठेवतो. क्लॅरेन्स शील्ड्स.

याच्या अगदी उलट गृहस्थ म्हणजे याकोब मोरेनो. नाव कसं राहील याची चिंता त्यानं जन्मभर वाहिली. जन्म १८८९, बुखारेस्टचा. वाढला आणि शिकला व्हिएन्नात. विद्यार्थी असताना बागेत पोरांना गोष्टी सांगत बसायचा. १९१३ मध्ये एका डॉक्टरला आणि एका पत्रकाराला बरोबर घेऊन तो श्पिटेलबर्ग भागातल्या वेश्यांकडे जाऊ लागला. त्यांना सुधारायला नव्हे. पोलीस छळतात, डॉक्टर दारात उभं करत नाहीत, तर निदान त्यांनी एकमेकींशी बोलावं म्हणून. आठदहा जणींचे गट, आठवड्यातून दोनतीनदा. सुरुवातीला बोलणं पोलिसांचं, आजारपणाचं. मग हळूहळू बाकीचं. एकीच्या बोलण्यात दुसरीला आपली गोष्ट सापडू लागली. त्यांनी पैसे साठवून आजारपणासाठी फंड काढला. एक बाई दुसरीवर उपचार करू शकते हे आपल्याला तिथं कळलं, असं मोरेनो नंतर सांगत असे. त्याच्या आठवणींतलं निम्मं मी बाजूला काढून ठेवतो, कारण स्वतःबद्दल बोलताना त्यानं हात कधी आखडता घेतला नाही. पण फंड काढणाऱ्या बाया मला खऱ्या वाटतात. असलं काही पुरुषाला, त्यातून तत्त्वज्ञ पुरुषाला, कल्पनेनं सुचत नाही.

१ एप्रिल १९२१ रोजी त्यानं व्हिएन्नाच्या एका नाट्यगृहात रिकाम्या रंगमंचावर एक सिंहासन ठेवलं. ऑस्ट्रियाचा राजा गेला होता, युद्ध हरलं होतं. प्रेक्षकांतल्या ज्याला वाटेल त्यानं वर यावं, बसावं आणि देश कसा चालवायचा ते सांगावं. प्रयोग साफ पडला. मित्रही दुरावले. पुन्हा खुर्चीच, बघा! त्यातूनच त्याचं उत्स्फूर्त नाट्यगृह आणि मग सायकोड्रामा उभा राहिला: दुखणं सांगू नका, करून दाखवा. १९२५ मध्ये तो अमेरिकेला गेला, तिथं सिंग सिंगच्या तुरुंगातल्या कैद्यांचा अभ्यास केला आणि १९३२ मध्ये मनोविकारतज्ज्ञांच्या फिलाडेल्फियाच्या बैठकीत 'ग्रुप थेरपी' हा शब्दप्रयोग मांडला. पुढं सॅम्युएल स्लाव्हसनशी त्याचं जुंपलं. हा स्लाव्हसन मूळचा इंजिनिअर. न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या हाती हातोडी-रंग देऊन, शेवटी सगळ्यांना एकत्र खाऊ घालून त्यांचे गट चालवणारा. मूळ जनक कोण यावरून दोघं जन्मभर भांडले. माणसांना गोलात बसून मिटवायला शिकवणाऱ्या दोघांना एका गोलात बसता आलं नाही, याची मला थोडी मजा वाटते, आणि थोडा दिलासाही. मोरेनो १९७४ मध्ये गेला. मनोविकारशास्त्रात हसू आणणारा माणूस इथं आहे, अशा अर्थाचं वाक्य त्याच्या थडग्यावर आहे.

ही भांडणं चालू असताना ओहायोतल्या ॲक्रन गावात खुर्चीचा प्रश्न निराळ्याच रीतीनं सुटला. १९३५ मध्ये एक दारुडा शेअरदलाल एका दारुड्या सर्जनला भेटला. दलालाला दारूची हुक्की आली होती आणि त्याला कळलं होतं की आपण शुद्धीत राहायचं तर दुसऱ्या दारुड्याशी बोलत राहिलं पाहिजे. त्याच्या भल्यासाठी नव्हे, स्वतःच्या. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस निघालं. त्यात डॉक्टरला खुर्चीच ठेवलेली नाही. १९५७ च्या सुमारास हे मुंबईत पोचलं. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, तिथं तर व्यसनातून सुटलेली माणसंच पुढच्यांची समुपदेशक झाली. डॉक्टरांना जे पुस्तकातून माहीत असतं, ते या माणसांनी अंगावर काढलेलं असतं.

मी वाचत होतो आणि बाकावर आठवडे सरत होते. तिसऱ्या आठवड्यात आई मावशींसाठी डब्यात जास्तीची भाकरी नेऊ लागली. कंडक्टरकाकांनी बाकाचा ताबा घेतला होता. "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा आहे," असं म्हणून ते नव्या पेशंटला बसवून घ्यायचे आणि चहा आणायची पाळी लावायचे. हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

याच सुमारास मी बियॉन या इंग्रज मनोविश्लेषकापाशी आलो, आणि मला उगाच गावातला माणूस भेटल्यासारखं झालं. विल्फ्रेड बियॉनचा जन्म १८९७ चा, मथुरेचा. बाप पाटबंधाऱ्यावरचा इंग्रज इंजिनिअर, सांभाळायला आया. आठव्या वर्षी शिक्षणासाठी विलायतेला पाठवला तो पुन्हा कधी हिंदुस्थानात आला नाही. वीस वर्षांचा असताना पहिल्या महायुद्धात रणगाडे चालवले, शौर्यपदक मिळवलं आणि त्या पदकाबद्दल जन्मभर अवघडलेला राहिला.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या हिवाळ्यात, बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्डच्या लष्करी मनोरुग्णालयात त्याला एका विभागाचा प्रमुख नेमलं. युद्धानं खचलेले शंभराहून अधिक शिपाई. कोणी शिस्त पाळत नाही, वॉर्ड घाणेरडे, प्रत्येकाला काही ना काही रजा हवी. बियॉन आणि त्याचा एके काळचा विश्लेषक जॉन रिकमन यांनी नियम थोडेच केले. रोज तासभर कवायत. प्रत्येकानं एखाद्या तरी गटात असलंच पाहिजे, सुतारकाम, नकाशावाचन, काहीही; हवा तो गट नसेल तर आपण काढावा. जमत नसेल त्यानं विश्रांतीच्या खोलीत शांत बसावं. आणि दुपारी बाराच्या सुमारास अर्धा तास सगळ्यांनी एकत्र उभं राहून, आपला हा कारभार कसा चालला आहे ते बाहेरच्या माणसासारखं बघायचं.

काही दिवसांत शिपाई त्याच्याकडे तक्रार घेऊन आले. बहुतेक लोक कामचुकार आहेत, त्यांना शिक्षा करा. सैन्यातला कोणताही अधिकारी काय करेल? बियॉननं शिक्षा केली नाही. तक्रार पुन्हा त्यांच्याच हातात ठेवली: हा तुमचा प्रश्न आहे, याचा अभ्यास करा. मला हा प्रसंग वाचताना घाम फुटला. मुख्याध्यापकांकडे गाऱ्हाणं न्यावं आणि त्यांनी खुर्चीतून उठून तुमच्या शेजारी बाकावर येऊन बसावं, तसं. पण महिन्याभरात वॉर्ड झाडलेले दिसू लागले, गट आपोआप वाढले.

आणि सहा आठवड्यांत प्रयोग बंद. दोघांची बदली. वरचे अधिकारी अचानक तपासणीला आले तेव्हा सिनेमाच्या हॉलमध्ये वर्तमानपत्रं आणि नको त्या वस्तू पसरलेल्या होत्या, अशी एक हकिगत सांगतात. आता शिपाई स्वतःहून कधी झाडतील याची वाट बघायची, ही बियॉनची पद्धत. वाट बघणं सैन्याला जमणारं नव्हतं. १९४३ मध्ये दोघांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ही सगळी कहाणी लिहिली. युद्धानंतर लंडनच्या टॅव्हिस्टॉक या मनोपचार केंद्रात बियॉन गट घ्यायचा तेव्हा काही न बोलता नुसता बसून राहायचा. लोक गोंधळत, चिडत, आम्ही पैसे कशाचे दिले म्हणत. आणि मग, काही इलाज नाही म्हणून, एकमेकांकडे वळत. १९७९ मध्ये तो वारला तेव्हा मुंबईला येण्याचं घाटत होतं. राहून गेलं.

त्याच्या मागोमाग त्याच नॉर्थफील्डमध्ये एस. एच. फूक्स आला. हा जर्मनीतून पळून आलेला ज्यू, मूळ आडनाव फुक्स. त्यानं मधला मार्ग काढला. गटात बसणाऱ्या डॉक्टरला तो नेता म्हणत नसे, वाद्यवृंदाच्या संचालकाचा शब्द वापरायचा. मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर काम करणाऱ्या गोल्डस्टाइनच्या हाताखाली तो शिकला होता, आणि माणूस म्हणजे जाळ्यातली एक गाठ, हा विचार त्यानं तिथूनच उचलला असावा. पण हे सगळं नंतरचं. त्याचा पहिला गट जमला तो १९४० च्या सुमारास, एक्सेटर गावात. त्याचे पेशंट एकेक करून आत यायचे आणि बाकीचे बाहेर बसायचे. हे बाहेरचे आपापसांत बोलले तर? असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं त्यांना एकत्र बसवलं. त्या संध्याकाळी घरी जाऊन बायकोला तो म्हणाला म्हणे, की आज मनोविकारशास्त्रात एक ऐतिहासिक घटना घडली आहे, पण ती कोणाला माहीत नाही.

बाहेरची खोली. बाक! मी मोबाइल खाली ठेवला आणि समोर बघितलं.

त्या दिवशी मशीन बंद होतं. अकरा वाजल्यापासून "अर्ध्या तासात चालू होईल" चाललं होतं. दीड वाजला असेल. बँकेतली मुलगी एरवी सगळ्यांना हसवायची, ती एकदम म्हणाली, "घरी सगळे म्हणतात, तू किती धीराची आहेस. मला नाहीये हो धीर. रोज गाडीत रडते मी."

कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, आता कोणीतरी "असं नाही म्हणायचं" म्हणेल. मीच म्हणणार होतो. कंडक्टरकाका जमिनीकडे बघत होते. रिक्षावाल्या काकांचा आवाज तोवर पूर्ण बसला होता. त्यांनी फाईल मांडीवर घेतली, मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर पेनानं काहीतरी लिहिलं आणि तिच्यासमोर धरलं. "मला पण नाही." मावशींना वाचता येत नव्हतं. आईनं त्यांना ते वाचून दाखवलं, आणि मग शाळेत वाचतात तसं, थोडं मोठ्यानं, पुन्हा एकदा वाचलं. मावशी म्हणाल्या, "मग माझं बी लिवा त्याच्याखाली."

पेन फिरलं. कंडक्टरकाकांनीही घेतलं, खरं तर ते पेशंट नव्हते. मी घेतलं नाही. घ्यायला हवं होतं की काय, ते मला अजून कळलेलं नाही.

आईची पंचविसावी लाईट शुक्रवारी झाली. पेढे वाटले, आतल्या मुलीच्या पाया पडू नका म्हणत असतानाही तिच्या डोक्यावरून हात फिरवला, नव्यानं आलेल्या एका बाईंना ब्लाउजची गोष्ट सांगितली. सोमवारी सकाळी दहा वाजता ती साडी नेसून, पिशवी घेऊन दारात उभी.

"जरा जाऊन येऊ या का?"

मी विचारलं नाही कशाला. साडेदहाला आम्ही पोचलो. आतली मुलगी यादी घेऊन बाहेर आली, आईला बघून थबकली. "आजी, तुमचं संपलं ना? आज का आलात?"

"बसायला," आई म्हणाली. कंडक्टरकाका पुढं सरकले.